घरासमोरचा खड्डा दरवर्षी त्याच जागी: रस्ता, पाइप की उपळ?

गडग्यापलीकडे

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत आमचं घर आहे. फाटकाच्या जरा पुढे, उतार संपतो तिथे रस्त्यात खड्डा पडतो. दरवर्षी पडतो आणि नेमका तिथेच पडतो. गणपतीच्या आधी कोणीतरी येऊन खडी-डांबर टाकून जातं, शिमग्यापर्यंत ते कसंबसं टिकतं, मृग लागला की पुन्हा खड्डा हजर. बाकीचा रस्ता ठीक आहे, म्हणजे कोकणाच्या मानाने ठीक. मागच्या आठवड्यात धाकटा भाऊ मोटारसायकलसकट त्यात गेला. गुडघा सोलवटला, पुढच्या रिमला बाक आला आणि हँडल आता डावीकडे ओढतंय.

वाडीत यावर एकमत नाही. आमची आजी म्हणते ती उपळ, म्हणजे पावसाळी झरा आहे, रस्ता नव्हता तेव्हाही तिथे पावसात पाणी फुटायचं. शेजारचे काका म्हणतात खालून नळपाणी योजनेची लाइन गेली आहे, ती गळते. रस्त्याचं काम करणाऱ्याचा माणूस म्हणतो, तुमच्या गटारात माती भरली आहे, त्याला आम्ही काय करणार. मला खरं कारण हवंय, कारण त्याप्रमाणे भांडायला कुठल्या ऑफिसात जायचं ते ठरतं. कसं ओळखायचं?

टीचभर

पहिली खुर्ची पकडली. जेएम रोडचा उल्लेख कितव्या प्रतिसादात येतो ते बघायला बसलोय.

पर्वतीपायथा

हसा लेको, पण उदाहरण आहे तर द्यायला नको? पुण्याचा जंगली महाराज रस्ता रेकॉन्डो कंपनीने १९७६ साली दहा वर्षांच्या हमीवर करून दिला आणि हमी संपल्यावरही वर्षानुवर्षं त्याला खड्डा नव्हता. काम नीट केलं की टिकतं, एवढाच मुद्दा. उपळ-बिपळ सगळ्या सबबी आहेत.

टीचभर

दुसराच प्रतिसाद! विक्रम झाला.

नटबोल्ट

रस्त्याचं नंतर बघा, आधी गाडी बघा. हँडल ओढतंय म्हणजे काम नुसत्या रिमवर भागलेलं नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी ठेवा आणि हँडल हलक्या हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला. मग शॉकपचे (पुढच्या शॉक अब्सॉर्बरचे) पाय खालून धरून पुढे-मागे ओढा. खडखड आली तर कोनसेट ढिला तरी आहे किंवा गेलेला तरी. शॉकपच्या चकचकीत नळीवर तेलाचं ओलं कडं दिसलं तर ऑइल सील फाटलं. दोन्ही पाय एका रेषेत आहेत का तेही समोरून बसून बघा, खालच्या क्लॅम्पमध्ये पीळ पडला असेल तर हँडल सरळ आणि चाक वाकडं असं दिसतं.

तारांचं चाक असेल तर बेंडवाला बाक काढून देईल. अलॉय असेल तर ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ठोकलेल्या जागी पुढे तडा जातो आणि तो चालत्या गाडीला जातो.

आणि भावाला एक सांगा. खड्डा दिसला की माणूस पुढचा ब्रेक आवळून धरतो आणि तसाच आत जातो. ब्रेकने शॉकप आधीच दबलेला असतो, मग खड्ड्याचा दणका घ्यायला त्याच्यात काही उरत नाही, सगळा रिमवर येतो. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा आणि चाक काठावर आलं की सोडायचा.

गडग्यापलीकडे

नटबोल्ट, खाच लागते आहे. म्हणजे कोनसेट. धन्यवाद, भावाला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, खड्डा पाण्याने भरलेला होता, दिसलाच नाही, ब्रेक कुठला मारतोय.

निवृत्त_जेई

मी बांधकाम खात्यात रस्त्यांवरच नोकरी काढली, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

पाऊस वरून पडून रस्ता खराब होत नाही, पाणी थांबून होतो. तुमच्यासारख्या ग्रामीण रस्त्याला बहुतेक वेळा खाली खडीकरण आणि वर डांबर-खडीचं २० मिमीचं कार्पेट असतं. बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडी. हे कार्पेट सच्छिद्र असतं, पाणी अडवायचं काम त्याच्यावरचा डांबराचा शेवटचा हात, म्हणजे सील कोट, करतो. तो पातळ मारला किंवा घासून गेला की पाणी आत शिरतं. खडीला डांबरापेक्षा पाणी जास्त आवडतं. चाक आलं की फटीतल्या पाण्यावर दाब येतो, ते खडी आणि डांबराच्या मध्ये घुसतं आणि डांबर सुटतं. एक खडी सुटली की शेजारचीला आधार राहत नाही. खाली मुरूम भिजून लोण्यागत झाला असेल तर एका रात्रीत बादलीएवढा खड्डा पडतो, हे सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता ठेवतात, आणि जास्त पावसाच्या भागात हा उतार जास्त ठेवायचा असतो. आता होतं काय, साईडपट्टीवर दरवर्षी माती साचते, गवत वाढतं आणि पट्टी रस्त्यापेक्षा उंच होते. मग गटार कितीही खोल असो, पाणी तिथवर पोचतच नाही, रस्त्याच्या कडेने वाहत राहतं. उतार संपतो तिथे थांबतं. तुमचा खड्डा बरोबर तिथे आहे. त्यामुळे रस्तेवाल्याचा माणूस अगदीच खोटं बोलत नाही, मात्र साईडपट्टी छाटणं हेही कोणाच्या तरी कामात धरलेलं असतं, ते कोणाच्या ते बघा.

जेएम रोडबद्दल पर्वतीपायथा यांना आदरपूर्वक: पुण्याला वर्षाला साधारण ७००-७५० मिमी पाऊस पडतो. संगमेश्वराकडे त्याच्या चौपटीहून जास्त. तिकडे आंबोलीला ७००० मिमीच्या पुढे जातो. हमी देणाऱ्याला आधी इकडे एक पावसाळा काढू द्या.

आता मला हे सांगा. खड्डा कडेला आहे, चाकोरीत आहे की मधोमध? गोल आहे की आडवा लांबट? रस्ता ओलांडून जाणाऱ्या पाइपसाठी चर खणला असेल आणि तो नीट कुटला नसेल तर तिथे आडवी खचकी पडते. कडेला गोल असेल तर साईडपट्टी. बाकी कारणं त्यानंतर.

पर्वतीपायथा

चौपट पाऊस असेल तर चौपट नीट करा, तेवढंच म्हणतोय.

निवृत्त_जेई

चौपट पैसे?

गडग्यापलीकडे

कडेपासून मधल्यापर्यंत, आडवा लांबट. पण नळाची लाइन रस्ता ओलांडते का ते कोणालाच नक्की माहीत नाही. लाइन टाकली तेव्हाचे सरपंच आता हयात नाहीत आणि नकाशा बघायला मागितला तर कपाटाची किल्ली सापडत नाही.

सिमेंटचा_कट्टा

एवढी चर्चा कशाला? चार पोती सिमेंट, वाळू, खडी आणा, वाडीतली पोरं लावा आणि एका रविवारी काँक्रीट ओता. आमच्या गावात असंच केलं, तेवढा तुकडा आजही शाबूत आहे.

निवृत्त_जेई

तुमच्याकडे खाली पाणी नसेल. खाली पाणी चालू असताना वर काँक्रीटचा तुकडा टाकला तर तो तुकडा शाबूत राहतो आणि पाणी त्याच्या पुढच्या काठाला बाहेर पडतं. खड्डा तेवढा हात-दीड हात पुढे सरकतो. शिवाय पाइप खाली असेल तर उद्या दुरुस्तीला ब्रेकर आणावा लागेल.

सिमेंटचा_कट्टा

सरकारी माणसाला काम न करण्याची कारणं मात्र भरपूर सुचतात. राग मानू नका.

निवृत्त_जेई

मानला आहे. पुढे बोला.

पेव्हरब्लॉक_पीडित

मुंबईत खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवतात, त्यावरून आमची मोटारसायकल पावसात अशी काही नाचते की विचारू नका. तो उपाय कोणी सुचवू नका म्हणून आधीच लिहून ठेवतो.

डिचोलीकर

डांबरी रस्त्यात दोन-चार ब्लॉक कोंबले तर वाईटच. पण पाइप आडवा जातो तेवढी पूर्ण पट्टी, दोन्ही कडांना काँक्रीटचा पट्टा धरून ब्लॉकची केली तर बरी पडते. लाइन फुटली की ब्लॉक उचला, काम करा, परत बसवा. आमच्या वाड्यावर तशी एक पट्टी आहे. उतारावर मात्र नको, सगळे ब्रेक मारतात तिथे ब्लॉक सरकतात.

मूळ प्रश्नाला माझी एक भर. आमच्याकडचे जुने पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर माणसं पोचवणारे, खड्ड्याकडे बघून सांगतात कुठला पावसाचा आणि कुठला नळाचा. उघडीप पडली की बघा. पावसाचा खड्डा दोन उन्हांत आटतो, काठ वाळून पांढरट होतो. नळाच्या पाण्याच्या खाली डांबरावर हिरवं शेवाळ धरतं, लांब जिभेसारखं, उताराच्या दिशेने. बाकी रस्ता कोरडा आणि तेवढीच जीभ बुळबुळीत. गाडी खड्ड्यात नव्हे, त्या जिभेवर घसरते. तुमच्या भावाचं नेमकं काय झालं, आत गेला की आधीच घसरला?

गडग्यापलीकडे

भाऊ म्हणतो मागचं चाक आधी सटकलं. शेवाळ आहे. मी ते इतकी वर्षं पावसाचंच समजत आलो, इकडे पावसाळ्यात माणसावरसुद्धा शेवाळ धरतं.

चांद्याचं_ऊन

तुमचं पाण्याचं रडगाणं वाचून बरं वाटलं, म्हणून आमचं उन्हाचं लिहितो. चंद्रपूर. मे महिन्यात पारा ४५च्या वर. दुपारी रस्त्यावर डांबर वर येतं, काळे चकचकीत पट्टे. साइड स्टँडवर गाडी लावून रसवंतीवर गेलं तर परत येईपर्यंत स्टँड डांबरात रुतलेला आणि गाडी आडवी. जुने गाडीवाले स्टँडखाली ठेवायला चपटा दगड नाहीतर पत्र्याचं झाकण डिक्कीत ठेवतात. मग मृगाची पहिली सर त्या डांबरावर आणि चार महिन्यांच्या धुळीवर पडते. पहिल्या अर्ध्या तासात जे पडतात ते वर्षभरात पडत नाहीत.

नळाचं म्हणाल तर दुपारी एक वाजता नळ सोडा, हात भाजतो. टाकी काळी, गच्चीवर, पाइप उघड्यावर. साधा पांढरा पीव्हीसी उन्हात दोन-तीन वर्षं राहिला की वरून खडूसारखी पावडर सुटते आणि नखाने टिचकी मारली तरी आवाज बदललेला कळतो. मग एखाद्या दिवशी मांजर उडी मारते आणि पाइप तुटतो. आम्ही आता उघड्यावरच्या सगळ्या लाइनला पांढरा ऑइलपेंट मारतो. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच घ्यावा लागतो, साधा पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे मऊ पडतो.

मस्कतचा_मंद्या

इथे उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवतो. घराच्या आत असल्यामुळे त्यातलं पाणी बेताचं राहतं. थंड पाण्यासाठी गरमचा नळ सोडायचा आणि गरमसाठी थंडाचा. पाहुण्यांना हे समजावून सांगेपर्यंत ते भाजून निघालेले असतात.

टीचभर

धागा खड्ड्यातून निघून मस्कतला पोचला. रस्ता चांगला दिसतोय.

अक्कामावशी

मी लांज्याकडची, शेती बघते. तुमच्या आजींचा मान राखून सांगते, ही उपळ नाही. उपळ कधी फुटते? कातळ पोटभर पाणी प्यायला की मग. आषाढ सरता सरता, नाहीतर श्रावणात. भादव्यातही चालते, आमच्या मळीत दसऱ्यापर्यंत वाहते. तुम्ही लिहिलंय मृग लागला की खड्डा हजर. मृगात जमीन अजून तहानलेली असते, उपळ कुठून फुटायची?

आणखी एक विचारते. मे महिन्यात त्या जागी काय असतं? सगळा गाव तपकिरी झालेला असताना तिथल्या कडेचं गवत हिरवं असतं का? कावळे आंघोळ करतात का? गुरं तिथे थांबून तोंड खाली घालतात का? मे महिन्यात हिरवं असेल तर आभाळाला दोष देऊ नका.

गडग्यापलीकडे

अक्कामावशी, तुम्ही तर बसल्या जागी पंचनामा केलात. आजीला विचारलं. ती म्हणाली, "मे महिन्यात तिथं अळू असतंय की, मीच काढते भाजीला."

गटाराच्या कडेला, मे महिन्यात, अळू. आम्ही ते खात होतो.

टीचभर

नळपाणी योजनेचं फतफतं!

सुरंगी

मी आरोग्यसेविका आहे. रस्त्यातलं मला कळत नाही, पाण्यातलं थोडं कळतं. तुमच्या गावात टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणारा जलसुरक्षक असेल. त्याच्याकडे ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाची, बाटली असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे एक-दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं की पाण्यात क्लोरीन आहे. पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्यात क्लोरीन नसतं. म्हणजे खड्ड्यात पिवळं आलं तर ते टाकीचं पाणी, वादच मिटला.

पण खड्ड्यातलं गढूळ पाणी तसंच घेऊ नका. चिखल क्लोरीन खाऊन टाकतो आणि रंगही कळत नाही. पावडर टाकलेल्या दिवशी, पाणी सोडायच्या वेळेला जा. आधी खड्डा डब्याने उपसून काढा. तळातून किंवा बाजूने ताजं पाणी फुटताना दिसलं की ते नळीत धरा. पिवळं आलं तर लाइन नक्की. पिवळं नाही आलं तर काहीच सिद्ध होत नाही, एवढं लक्षात ठेवा, नाहीतर तेच धरून कोणीतरी हात झटकेल. ओटी टाकलेलं पाणी लांब ओतून द्या, ते विषारी असतं. मुलांच्या हातात नळी देऊ नका.

मला भावाच्या गुडघ्यापेक्षा दुसरीच काळजी वाटते. तुमच्याकडे पाणी दिवसातून तासभर सुटत असेल. बाकी वेळ लाइन रिकामी. पाणी बंद केलं की उतारावरच्या लाइनीत आतून ओढ लागते आणि ज्या भोकातून पाणी बाहेर येतं त्याच भोकातून खड्ड्यातलं पाणी आत जातं. त्या खड्ड्यात गुरं उभी राहतात, टायर जातात. दुसऱ्या दिवशी पहिली कळशी भरणाऱ्याच्या घरी ते पोचतं. नळाला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम शिल्लक असावं लागतं, ते अशा ठिकाणी टिकत नाही. पावसाळ्यातली जुलाबाची आणि काविळीची साथ एकाच वाडीत का येते, याचं उत्तर बऱ्याचदा अशा गळतीजवळ सापडतं. निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्या. नुसतं गरम करून नको, खळखळून उकळी येऊ द्या.

निवृत्त_जेई

सुरंगीताई, हे मी सगळ्या नोकरीत कोणाकडून ऐकलं नव्हतं. आम्ही रस्त्यावर पाणी दिसलं की पाणीपुरवठ्याला पत्र लिहायचो, ते म्हणायचे पावसाचं आहे. नळी खिशात असती तर पत्रं वाचली असती.

सांडपाणी_विशारद

थोडं विषयांतर. पावसाळ्यात आमचं संडासाचं भांडं गुडगुडतं आणि पाणी हळू उतरतं. प्लंबर म्हणतो टाकी उपसा. उपसावी का? शोषखड्डा आहे, जांभ्यात खणलेला.

निवृत्त_जेई

भर पावसात टाकी पूर्ण रिकामी करू नका. आजूबाजूला जमिनीत पाणी चढलेलं असतं, रिकामी टाकी हलकी होऊन वर उचलली जाते. फायबरची असेल तर हमखास, बांधलेली असेल तर तडे. तुमची टाकी भरलेली नसणार, शोषखड्डा भरलाय, कारण बाहेरच्या मातीतच पाणी मावत नाही. पन्हाळीचं पाणी त्या बाजूला येतंय का बघा आणि ते आधी दुसरीकडे वळवा. उपसणं दिवाळीनंतर.

सकाळी_मिसिंग

नटबोल्ट, माझाही प्रश्न घ्या. पावसात गाडी उघड्यावर राहते. सकाळी सुरू होते पण थोडं गेलं की धक्के देते, मिसिंग. प्लग कॅप पुसून बघितली, फरक नाही. कार्बोरेटरची गाडी आहे.

नटबोल्ट

टाकीत पाणी. टाकीचं झाकण उघडा, तोंडाभोवती वाटीसारखी खोलगट जागा असते. त्यात एक बारीक भोक असतं, पावसाचं पाणी नळीने खाली सोडायला. ते धुळीने बुजलं की पाणी वाटीत साचतं आणि झाकणाच्या रबराशी थांबून राहतं. तुम्ही झाकण उघडलं की सगळं आत. भोकात बारीक तार घाला, मग वरून पाणी ओतून खाली नळीतून येतंय का बघा. हे पण प्लंबिंगच आहे, धाग्याला धरून आहे.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडं पाणी त्यात मुरतं आणि जळूनही जातं. पण जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पेट्रोलचा कॉक तळालाच आहे. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करा, काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून धुवायलाच हवी. बाटलीतलं उरलेलं परत टाकीत ओतू नका.

मस्कतचा_मंद्या

आणि पुरातून गाडी घातली, इंजिनात पाणी गेलं तर? गावी भावाने मागच्या वर्षी घातली होती.

नटबोल्ट

बंद पडली तर किक मारायची नाही, सेल्फ तर नाहीच. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग किक मारून पाणी बाहेर उडवा. ऑइल काढून बघा, दुधाळ चहाच्या रंगाचं असेल तर पाणी मिसळलंय. स्वस्तातलं ऑइल भरून थोडं चालवा, पुन्हा काढा, स्वच्छ येईपर्यंत. मग चांगलं भरा.

गडग्यापलीकडे

मंडळी, निकाल.

जलसुरक्षक आधी तयार नव्हता. म्हणाला, ओटी नळाच्या पाण्यासाठी असते, खड्ड्यासाठी नाही. सुरंगीताईंचा प्रतिसाद मोबाइलवर वाचायला दिला, मग आला. आज सकाळी पाणी सुटायच्या आधी भावाने आणि मी खड्डा उपसला. पाऊस थांबला होता. व्हॉल्व्ह उघडल्यावर काही मिनिटं काहीच नाही. मग डाव्या बाजूच्या मातीतून आधी बुडबुडे आले, आणि त्यांच्यामागे करंगळीएवढी स्वच्छ धार. नळीत धरली, ओटीचे थेंब टाकले. फिकट, पण पिवळं. दुसरी नळी भरली, तीही पिवळी. जलसुरक्षकाने स्वतःच्या नळाचं पाणी तपासून शेजारी धरलं. आमच्या खड्ड्यातलं जास्त पिवळं होतं.

टीचभर

म्हणजे गावातलं सर्वात शुद्ध पाणी खड्ड्यात येतंय. नळाचं कनेक्शन काढून खड्ड्यावर रांग लावा.

सुरंगी

त्या घरचं पाणी फिकं आलं म्हणजे पुढे कुठेतरी अजून गळती असू शकते, किंवा ते टोकाचं घर आहे. जलसुरक्षकाला वहीत नोंद करायला लावा. हसण्यावारी नेऊ नका.

गडग्यापलीकडे

नोंद केली. पुढची गोष्ट अशी की लाइनचा मुख्य पाइप रस्ता ओलांडतच नाही. आडवा गेलाय तो एका घराच्या कनेक्शनचा अर्ध्या इंचाचा काळा पाइप. ते घर बंद आहे, मंडळी नालासोपाऱ्याला असतात, गणपतीत आणि शिमग्यात येतात. त्यांच्या अंगणातलं टोक बघितलं तर काळी नळी दुमडून तारेने बांधून ठेवलेली. टोक बंद, त्यामुळे पाणी आलं की सगळा दाब त्या जुन्या पाइपावर. रस्त्याखाली कुठेतरी तो चिरलाय. फोन केला तर म्हणाले गणपतीला येऊ तेव्हा बघू, आणि पाणीपट्टी आम्ही भरतो हे ध्यानात ठेवा.

अक्कामावशी

पाणीपट्टी भरतात ना, मग आलेल्या पाण्यात अर्धा वाटा अळवाचा धरा आणि बिल त्यांना पाठवा. आमच्या वाडीत तर निम्मी घरं बंद आहेत. प्रत्येक बंद घराचं असं एक दुमडलेलं टोक कुठेतरी आहे.

सुरंगी

गणपतीपर्यंत थांबायचं नाही. घर बंद असेल तर कनेक्शन मुख्य लाइनवरच्या सॅडलपाशी, म्हणजे जोडणीच्या पट्ट्यापाशी, बंद करता येतं, ते ग्रामपंचायतीचं काम आहे. घरमालक येईल तेव्हा पुन्हा जोडा. त्यांच्या नळाला तसंही आज पाणी प्यायला कोणी नाही.

निवृत्त_जेई

बरोबर. सॅडलवर प्लग मारून घ्या, नळी दुमडून बांधणं ही बंद करण्याची पद्धत नव्हे. मुख्य लाइन काय मापाची आहे? ६३ मिमीची एचडीपीई (प्लॅस्टिकची) असेल तर ६३ बाय अर्धा इंचाची सॅडल लागेल, जुन्या सॅडलचं रबर गेलेलं असणार, त्यामुळे हाती एक नवी असू द्या. पुन्हा जोडाल तेव्हा रस्त्याखालून नवा पाइप मोठ्या पाइपच्या आत घालून न्या, म्हणजे पुढच्या वेळी रस्ता न खणता ओढून काढता येईल.

खड्ड्यात आत्ता डांबर टाकू देऊ नका. कोणी उत्साहाने आलं तरी. ओल्यावर ते धरत नाही आणि बिल मात्र निघतं. गाळ पूर्ण काढा, कडा उभ्या तासून घ्या, मोठी खडी, बारीक खडी आणि मुरूम मिसळून थराथराने कुटून भरा, रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवा, गाड्या दाबतील. डांबर पाऊस गेल्यावर. आणि साईडपट्टी छाटायला लावा, ते माझं मत अजून कायम आहे.

सिमेंटचा_कट्टा

जेईसाहेब, खडी-मुरमाचं पटलं. काँक्रीट मागे घेतो. फक्त तेवढ्यापुरतं.

पर्वतीपायथा

अर्ध्या इंचाच्या पाइपने रस्ता गेला. म्हणजे शेवटी रस्त्याचा दोष नव्हता?

निवृत्त_जेई

सील कोटही पातळच असणार. दोष वाटून घ्या.

गडग्यापलीकडे

मुख्य लाइन ६३च आहे, पाइपवर छापलेलं वाचता आलं. जलसुरक्षक उद्या सॅडल आणि प्लग आणतो म्हणालाय, खणायला वाडीतली माणसं आहेत. आजीने अळू उपटून टाकायला नकार दिलाय.

नटबोल्ट, भाऊ विचारतोय, कोनसेट घालताना गोळ्यांचाच घ्यावा की टेपर बेअरिंगचा? मेकॅनिक टेपर म्हणतोय, पण महाग आहे.

नटबोल्ट

तुमच्या रस्त्यांना टेपरच घ्या, जास्त टिकतो. फक्त एक बघा. टेपरचा नट गोळ्यांच्या सवयीने आवळतात, मग हँडल जड होतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही डुलत चालते. घातल्यावर हँडल आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे. ग्रीस भरपूर, आणि वरचं रबरी धूळझाकण नवीन घ्या, पाणी तिथूनच उतरतं. जुनं परत लावतो म्हणाला तर तिथून गाडी उचला.